तुराट्यांवर चालणारी आगबोट

संगप्पा बोलतात ते इंजिनाला जागा ठेवून. दोन शब्द, थांबा, परत दोन शब्द. "बसा. … पाय आत. … पेंढी तिकडं." त्या मोकळ्या जागेत बोटीवर इंजिनाचं 'सूंऽऽ ठक' यायचं, म्हणून ती सवय. पण माणूस किराणा दुकानात उभा असला तरी तेच: "साखर. … अर्धा किलो. … चहाची पुडी." आणि मधल्या थांब्यात दुकानदार उगीचच मान डोलावतो. जांभळी थडीत संगप्पांची नक्कल येत नाही असं पोरगं सापडायचं नाही. अगदी तोंडासमोर केली तरी ते रागवत नाहीत, कारण ओरडल्याशिवाय त्यांना ऐकूच येत नाही.

कान गेले ते साखर कारखान्यात. बत्तीस हंगाम त्यांनी बॉयलरवर काढले. 'बॉयलर अटेंडंट, दुसरा वर्ग' हे ते स्वतःच्या नावाच्या आधी सांगतात. ऐकू येत नाही म्हणून फोन कायम स्पीकरवर, आणि स्पीकरवर म्हणून त्यांच्या घरात काय चाललंय ते त्यांच्या आधी आम्हाला समजतं. पुढचं बरंचसं त्यामुळंच सांगता येतंय. जे फोनवर नव्हतं ते सिंधूबाईंनी सांगितलं, आणि शेवटचं दयानंद कंडक्टरनं.

नऊ वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. कुणी टपरी टाकली, कुणी पुण्याला जाऊन वॉचमन झालं. संगप्पांनी बोट केली. भंगारात निघालेल्या मळीच्या टाकीचं बूड कापून सपाट सांगाडा, उदगीरकडच्या एका जुन्या जिनिंगमधलं वाफेचं इंजिन, आणि कुठल्याशा पोह्याच्या गिरणीतला माणसाच्या उंचीचा उभा बॉयलर. दोन्ही बाजूंना दोन चाकं आणि चाकांना बाभळीच्या फळ्या. चाकं फिरली की फळ्या पाण्यावर आपटायच्या, थपाक थपाक, घाटावर कुणी वाकळ बडवावी तशा. पत्र्यावर लाल अक्षरात 'श्री मन्मथ प्रसन्न'. परवानगी कुणाची हे कुणीच विचारलं नाही. जो तो समजला, दुसऱ्यानं दिली असेल. सगळे तिला आगबोट म्हणायचे.

धरण झाल्यापासून आमचं गाव पाण्याच्या अलीकडच्या काठाला, कंधारच्या बाजूला. पलीकडच्या काठाला चिंचोळी फाटा, तिथं अहमदपूर-लातूरच्या गाड्या थांबतात. मध्ये चाळीस मिनिटांचं पाणी. संगप्पांनी भाडं पैशात कधीच घेतलं नाही. माणशी एक पेंढी, तुराट्यांची नाहीतर पऱ्हाट्यांची. तुरीची आणि कापसाची वाळकी झाडं, म्हणजे शेतात नाहीतरी पेटवूनच द्यायचा माल. शाळेच्या पोरांना अर्धी पेंढी, शेळीला एक, मोटारसायकलला तीन. बॉयलर तेच खायचा. सून माहेरी निघाली की सासू आधी विचारायची, पेंढी घेतली का, आणि मग डबा घेतला का. एकदा एक बँकेचा साहेब सूट घालून काखेत तुराट्या धरून उभा होता. त्याचा फोटो अजून कितीतरी जणांच्या मोबाईलमध्ये आहे.

वाफ धरायला बारा पेंढ्या आणि दोन तास. पुढं एका खेपेला आठ. म्हणजे माणसं आली तर जळण, आणि जळण असेल तर बोट.

दोन वर्षांपूर्वी वरच्या अंगाला पूल झाला. गावातून दिवसाला चार गाड्या पुलावरून थेट अहमदपूरच्या बाजारात जायला लागल्या, आणि पुलाला पेंढी लागत नाही. मागच्या हंगामात आगबोटीला इमानदार गिऱ्हाईक एकच उरलं, सत्तरीच्या सिंधूबाई. त्यांचं म्हणणं, "गाडीत बसलं की माझं पोट वर येतंय. आगबोटीत पोट आपल्या जागी ऱ्हातंय." त्याही आठवड्यातून एकदा. बाकीचे सहा दिवस संगप्पा सकाळपासून थंड बॉयलरशेजारी बसून वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याची काच पुसत. दर पाच मिनिटांनी पलीकडच्या फाट्याकडं बघत. फोन वाजला की स्पीकर लावून ओरडत, "फाट्यावर उतरा. … मी हाय की." बोटीला फोन नंबर असल्यापासून त्यांचं हे वाक्य ठरलेलं. एकदा कर्ज देणाऱ्या कंपनीच्या पोरीचा फोन आला. ती गोड आवाजात 'सर, आपको' करत होती आणि संगप्पा तिला विचारत होते, कुठून येणार, संगं किती जण, शेळी हाय का. मग, "फाट्यावर उतरा. … मी हाय की." पोरीनं फोन ठेवला. संगप्पांनी बराच वेळ ठेवला नाही.

आता या माणसाचं मुख्य दुखणं सांगते.

साखर कारखान्यात हंगामाचा पहिला विस्तव असातसा टाकत नाहीत. बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ असतो. पत्रिका छापतात, मांडव घालतात, आणि कुणीतरी मोठा माणूस सपत्नीक पाटावर बसतो, त्यांच्या हातून भट्टी पेटते. बत्तीस वर्षं संगप्पा बाजूला काडेपेटी घेऊन उभे. तीच रीत त्यांनी आगबोटीला लावली. दसरा झाला, पाणी काठोकाठ आलं की एका सोमवारी अमरनाथ स्वामींना बोलवायचं, प्रवाशांतलं एक जोडपं पाटावर बसवायचं, आणि त्यांच्या हातून पेटवायचं. जोडप्याशिवाय पेटवायचं नाही. पहिल्या वर्षी सिंधूबाई आणि त्यांचे मालक बसले होते. मालक आता नाहीत. पुढं दर वर्षी कुणी ना कुणी बसलं. यंदा संगप्पा घरोघर गेले. एकाच्या मालकिणीची कंबर धरली होती, एकाची सोयाबीनची काढणी होती, एका घरात तर नवरा आत आहे हे खिडकीतून दिसत असताना बायको म्हणाली, गावाला गेलेत. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं: ज्या बोटीत बसायचं नाही तिच्यापुढं पाटावर कशाला बसायचं.

अमरनाथ स्वामी गावचे जंगम, स्वभावानं मोकळे. ते म्हणाले, "संगप्पा, तुमीच बसा की. वहिनीला बोलवा."

संगप्पांची बायको शिवकांताकाकू. कारखाना बंद झाला त्याच्या पुढच्या साली लेक मंजुषाचं बाळंतपण आलं, म्हणून काकू तीन महिन्यांसाठी लातूरला गेल्या. जुळ्या पोरी झाल्या. मंजुषाची नोकरी, जावयाची फिरती. तीन महिन्यांची आठ वर्षं झाली. भांडण नाही, रुसवा नाही. नुसतं तिकडं कुणीतरी लागतंय. आगबोटीत काकू एकदाही बसलेल्या नव्हत्या. आणि संगप्पा लातूरला एकदाही गेलेले नव्हते. काकूंच्या वडिलांच्या मातीला गेले नव्हते, मंजुषाच्या साखरपुड्याला तिसऱ्या पंगतीत काळ्या हातांनी पोचले होते, आणि नातींना त्यांनी मोबाईलवरच बघितलं होतं. कारण दर वेळी एकच: बॉयलर सोडून येता येत नाही.

संगप्पांनी पत्रिका छापली. कंधारचा छापखानेवाला पन्नासच्या खाली छापत नव्हता म्हणून पन्नास. कारखान्याच्या पत्रिकेचा मजकूर त्यांना तोंडपाठ होता, त्यात फक्त नावं बदलली. 'सालाबादप्रमाणे यंदाही आगबोटीच्या नवव्या हंगामाचा बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ सौ. शिवकांता व श्री. संगप्पा यांच्या शुभहस्ते संपन्न होत आहे. तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहून शोभा वाढवावी.' एक पत्रिका आमच्याच गावच्या दयानंद कंडक्टरच्या हातात देऊन लातूरला पाठवली. मंजुषा स्टँडवर येऊन घेऊन गेली. त्याच संध्याकाळी फोन आला. संगप्पा पारावर होते, म्हणजे आम्ही सगळेच होतो.

"अवो, ह्यात लिवलंय माझ्या हातानं पेटवायचं," काकू म्हणाल्या, "अन् खाली मलाच या म्हणलंय. मी घरची का पाव्हणी, एकदा ठरवा."

"रीत हाय. … कारखान्याची."

"ती कळली. तुमी का येत न्हाई इकडं एकदा? पोरी इचारून राहिल्यात, आजोबा फोनातच ऱ्हातात का म्हून."

"बॉयलर सोडून. … येता येत न्हाई."

"गार हाय न्हवं बॉयलर?"

यावर संगप्पांनी इतका मोठा थांबा घेतला, की त्यात दोन-चार इंजिनं मावली असती. काकू शेवटी म्हणाल्या, बघते.

तीन दिवस संगप्पा फोन हातात धरून पारावर बसले. त्या आल्या नाहीत तर यंदा भट्टी पेटणार नाही, आणि यंदा पेटली नाही तर पुन्हा कधी पेटायची नाही, हे पारावरच्या लहान पोरालाही समजत होतं. चौथ्या दिवशी फोन आला. सोमवारी येते, पण दीडच्या गाडीनं परत. पोरी शाळेतून येतात, मंजुषाला दुपारपाळी आहे. पुसल्यावर काट्याची काच होते तसा संगप्पांचा चेहरा झाला. ते फोनमध्ये ओरडले, "फाट्यावर उतर. … मी हाय की."

आम्ही सगळे तिथं बसलो होतो. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सोमवारी संगप्पांनी कारखान्याची खाकी इस्त्री करून घातली, कपाळाला विभूती लावली. बोटीला झेंडूची माळ. पेंढ्या मोजून अठ्ठावीस होत्या: बारा वाफ धरायला, आठ जायला, आठ यायला. मागच्या साली साठलेल्या तेवढ्याच. दोन पाट मांडले. पंचवीसेक माणसं जमली, त्यातली निम्मी प्रसादाला. अकरा वाजता पलीकडं गाडीचा हॉर्न वाजला. फाट्यावर एक बारीक हिरवा ठिपका उतरला आणि गाडी निघून गेली.

"आली," संगप्पा म्हणाले.

आणि सिंधूबाईंनी विचारलं, "मग आणायला कोण जाणार?"

आणायला आगबोट जाणार. आगबोट पेटल्याशिवाय जाणार नाही. पेटवायला काकू लागणार. काकू पलीकडं. इतकी वर्षं ज्याला त्याला सांगितलेलं वाक्य संगप्पांनी बायकोलाही सांगून टाकलं होतं. पुलावरची गाडी तिला घरासमोर सोडून गेली असती. स्वामी हळूच तसं म्हणालेही. एक जण मोटारसायकल काढायला निघाला, पण पुलावरून जायचं म्हणजे वर चौदा किलोमीटर, पलीकडून खाली चौदा, आणि रस्ता बैलानंही नको म्हणावं असा. तिला आणेस्तोवर दीड वाजला असता.

स्वामी म्हणाले, "बायको हजर नसली तर काही लोक पाटावर सुपारी ठेवतात. आपल्यात न्हाई तेवढं, पण चालंल."

संगप्पांनी पाटाकडं बघितलं. म्हणाले, "सुपारी आठ वर्सं. … ठेवूनच हाय."

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. काकूंनी पलीकडून विचारलं, बोट का हालंना. सिंधूबाईंनी फोनमध्ये तोंड घालून सगळं सांगितलं, मध्ये दोन शिव्याही घातल्या. मग काकू म्हणाल्या, "फोन ठेवा पाटावर. अन् करा चालू. ऊन लागून राहिलं मला."

स्वामींनी फोन दुसऱ्या पाटावर ठेवला, त्याच्यापुढंही हळदकुंकू वाहिलं. संगप्पा शेजारी बसले, तोंड पलीकडच्या काठाकडं करून. मंत्र झाले. स्वामींची गाडी सवयीनं पुढं गेली, आणि प्रत्येक वर्षी म्हणतात तसं ते म्हणून गेले, "आता बाईनं मालकाच्या हाताला हात लावावा." म्हणाल्यावर त्यांचं त्यांनाच उमगलं. कुणी हसलं नाही, हे आमच्या गावाच्या मानानं नवलच.

फोन म्हणाला, "लावला."

संगप्पांनी काडी ओढली.

मग दोन तास. फोन तसाच पाटावर चालू. नवराबायको बोलले म्हणावं तर काहीच नाहीत. संगप्पा तुराट्या सारायचे, काट्याकडं बघायचे आणि सांगायचे, "अर्धा किलो." पलीकडून, "हं." पंधरा-वीस मिनिटांनी, "एक." "हं." लोक कंटाळून घरी गेले. वाफ पाच किलोला चढली की बोट हलवायची हा नियम. तीनवर असतानाच संगप्पांनी दोर सोडला. बोटीत ते, चालू फोन, पेंढ्या, आणि सिंधूबाई. सूंऽऽ ठक, सूंऽऽ ठक. काठावर आम्ही तीन-चार जण उरलो होतो.

निम्म्या पाण्यात असतानाच फाट्यावर लाल गाडी दिसली. यापुढचं सिंधूबाईंचं.

"फोनावर ती म्हणली, गाडी आली वो. ह्यो काय म्हणावं? म्हणला, गाडीत. … गर्दी हाय का? मी कपाळाला हात मारला. बाबा, थांब म्हण की तिला. ती बी वाट बघून राहिली, हा थांब म्हणंल म्हून. कंडक्टर घंटी मारायला. शेवटी तीच म्हणली, चढू का? अन् हा शाणा म्हणतो, चढ. … पोरी यायच्या."

गाडी निघाली. तिकडचा रस्ता दीड-दोन किलोमीटर पाण्याच्या कडेनं जातो, आणि खड्डे असे की गाडी बैलगाडीच्या चालीनं. संगप्पांनी सुकाणू फिरवलं. फाट्याकडं न जाता बोट काठाला धरून गाडीच्या बरोबरीनं पळायला लागली. पळायला म्हणजे सिंधूबाईंच्या शब्दात, म्हशीनं वासराच्या मागं जावं तशी. धूर, थपाक थपाक, आणि शिट्टी. गाडीतली सगळी माणसं एका बाजूला येऊन मोबाईल धरून उभी राहिली. एका खिडकीत हिरवं लुगडं होतं. तिनं हात केला. यांचा एक हात झडपेवर, एका हातात पेंढी, त्यामुळं यांनी मान हलवली. परतीच्या आठही पेंढ्या त्यांनी एकामागून एक भट्टीत घातल्या. पुढं टेकडीपाशी रस्ता पाणी सोडून अहमदपूरकडं वळतो, तिथं गाडी दिसेनाशी झाली.

फोन अजून चालूच होता. त्यातून काकू म्हणाल्या, आणि हे सांगताना सिंधूबाईंचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला: "एवढं जाळलंत मला लांबून बगायला. त्येवढ्यात लातूरला आला असता की वो."

फोनची बॅटरी तिथं संपली.

बोट टेकडीखाली चिखलाला लागली. परत जायला एक काडी नव्हती. संगप्पांनी बोट बाभळीला बांधली आणि बॉयलरशेजारी बसून राहिले. वाफ असताना बॉयलर सोडायचा नाही, हे त्यांना पहिल्याच हंगामात शिकवलेलं. सिंधूबाईंनी आपली भाकर काढली, अर्धी त्यांना दिली. ती त्यांनी हातातच धरून ठेवली. तीन वाजले, चार वाजले. बाईंच्या नातवाला बाईंच्याच फोनवरून बोलावून झालं होतं, तो पुलावरून यायला निघाला होता. पाचच्या सुमाराला संगप्पा उठले. भट्टीतला राहिलेला विस्तव ओढून पाण्यात टाकला, वरची झडप पूर्ण उघडली. वाफेचा असा आवाज झाला की काठावरचे बगळे उठले. मग ते बाईंना म्हणाले, "काटा शून्यावर. … येस्तोवर बसा. … हात लावू नका." आणि टेकडी चढून रस्त्यावर गेले.

"मी बसले त्या घड्याळाकडं बघत," सिंधूबाई म्हणतात. "त्येला काय कळतंय मला? काटा निजला तवा उठले."

सव्वापाचच्या गाडीवर दयानंद होता. त्यानं बघितलं ते असं: रस्त्याच्या मधोमध काळाठिक्कर खाकीतला माणूस हात वर करून उभा, आणि त्याच्या मागं टेकडीखालून पांढरी वाफ वर येतेय. ड्रायव्हर म्हणाला, गाडी तापली का कुणाची. संगप्पा चढले, कंडक्टरच्या शेजारच्या जागेवर बसले. दयानंदनं विचारलं, अहमदपूर का? ते म्हणाले, लातूर. दयानंदनं दोनदा विचारून खात्री केली. मग अहमदपूर येईपर्यंत संगप्पांनी तीन वेळा त्याला एकच गोष्ट सांगितली, जणू चोरी कबूल करून राहिलेत: "दीड किलो. … वाफ होती. … सोडून आलो." दयानंद म्हणाला, असू द्या की मामा.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी पंधरा मिनिटं थांबली. दयानंदनं चहा आणून दिला आणि स्वतःचा फोन काढला. काकूंचा नंबर संगप्पांना पाठ होता. स्पीकर त्यांनीच लावला.

"कोण?" काकू म्हणाल्या. मागं पोरींचा दंगा चालला होता.

"मी. … गाडीत हाय."

"कुठल्या गाडीत?"

"लातूरच्या," संगप्पा म्हणाले. दयानंद सांगतो की ते त्याच्याकडं बघत होते, त्याला तरी ठाऊक असेल म्हणून. पण मंजुषाचं घर त्यानंही बघितलेलं नव्हतं. शेवटी ते फोनमध्येच म्हणाले, "उतरायचं कुठं?"

पलीकडं पोरींना कुणीतरी गप्प केलं.

"बसूनच ऱ्हावा," काकू म्हणाल्या. "मधी कुठं उतरू नका, चुकताल. गाडी स्टँडात गेली की जाग्यावर बसा. आमी येऊन उतरवून घेतो."

दयानंदनं घंटी मारली. गाडी निघाली तेव्हा संगप्पा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाय आत घेऊन बसले होते.